तिची बातमी तिलाच नाही

(स्त्री-आरोग्य कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'एका गोल्फ खेळाडूची कारकीर्द' असा छापलेला पाहून काल रात्री दोघी-तिघींनी मला अडवले. "अगं, आपल्या बायकांचा आणि गोल्फचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. चेंबूरला गोल्फचे मैदान आहे, पुण्यात येरवड्याला आहे. पण त्या कुंपणाच्या आत आपल्यापैकी कोणी गेली असेल तर बहुधा कामालाच गेली असेल. २०२१ साली टोकिओच्या ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक थोडक्यात हुकले, तेव्हा दोन दिवस आपण सगळ्यांनी गोल्फ पाहिला आणि तिसऱ्या दिवशी विसरून गेलो.

म्हणून आधी खेळाविषयी दोन वाक्ये. लहानसा चेंडू काठीने मारत दूरच्या खड्ड्यात घालायचा. असे अठरा खड्डे. जी कमीत कमी फटक्यांत संपवेल ती जिंकली. मोठी स्पर्धा तीन-चार दिवस चालते आणि रोज चार-पाच तास उन्हातान्हात चालावे लागते. हे चालणे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता माझ्याविषयी. एम.एस.डब्ल्यू. केल्यानंतर मी एका रुग्णालयाच्या कॅन्सर वॉर्डात काम करते. सरकारी भाषेत मी समाजसेवा अधीक्षक. वॉर्डातल्या बाया मला 'कागदवाली ताई' म्हणतात, कारण रेशनकार्ड, आधार, योजनेचे फॉर्म घेऊन मी त्यांच्यामागे असते. आमच्याकडे आतड्याच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर शौचाची वाट बदलावी लागते. पोटावर छिद्र करून आतड्याचे तोंड बाहेर काढतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. डॉक्टर त्याला कोलोस्टॉमी म्हणतात, बाया म्हणतात 'पिशवी लावली'. या पिशवीच्या बायकांसाठी काही वाचावे म्हणून मी शोधत होते, तेव्हा मला ही खेळाडू भेटली. सत्तर वर्षांपूर्वी पोटावर पिशवी लावून तिने अमेरिकेतली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली होती. तिचे नाव बेब डिड्रिक्सन झहारियस.

बेबचा जन्म १९११ सालचा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला. आईवडील नॉर्वेहून पोटापाण्यासाठी आलेले. वडील सुतारकाम करायचे. सात भावंडांत ही सहावी. पोरगी धावण्यात, उड्या मारण्यात, चेंडू फेकण्यात कोणाला ऐकायची नाही. १९३० साली डॅलसच्या एका विमा कंपनीने तिला नोकरी दिली. कागदावर ती टायपिंगची होती, खरे काम कंपनीच्या संघातून बास्केटबॉल खेळण्याचे. पगारातून ती घरी पैसे पाठवायची.

१९३२ साली राष्ट्रीय मैदानी स्पर्धेत कंपनीने तिला एकटीलाच 'संघ' म्हणून पाठवले. तिने एकटीने तीस गुण मिळवले. दुसऱ्या आलेल्या संघात बावीस मुली होत्या आणि त्यांचे मिळून गुण होते बावीस. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भालाफेकीत सुवर्ण, ऐंशी मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण, उंच उडीत रौप्य. बाईला तेव्हा तीनपेक्षा जास्त वैयक्तिक प्रकारांत उतरायची परवानगीच नव्हती, म्हणून पदके तीन.

आणि लगेच चौकशी सुरू झाली. तिचे केस आखूड का, दंड एवढे भरलेले का, ही लग्न करणार की नाही, ही नक्की बाई आहे ना? क्रीडा पत्रकारांनी तिच्या शरीरावर रकानेच्या रकाने भरले. एकाने तर लिहिले की अशा बायकांनी घरी बसावे, नटावे-थटावे आणि फोन वाजण्याची वाट पाहावी. पळाली ती, उडी मारली तिने. पण तिच्या शरीराविषयी बोलायचा हक्क मात्र गावाचा. इथे बसलेल्या कबड्डी खेळलेल्या मैत्रिणींना हे नवे नाही.

ऑलिंपिकनंतर एका मोटारीच्या जाहिरातीत तिचे नाव आले. हौशी खेळाडूने पैशाशी संबंध ठेवायचा नाही, या नियमाखाली तिला निलंबित केले गेले. मग ती पोटासाठी मिळेल ते करू लागली. रंगमंचावर गाणी आणि कसरती केल्या, गावोगाव बास्केटबॉल खेळली, पुरुषांच्या बेसबॉल संघाबरोबर फिरली. त्यातून ती गोल्फकडे वळली. हाताची कातडी सोलवटेपर्यंत सराव करायची आणि वर चिकटपट्ट्या गुंडाळून पुन्हा मारायची. १९३५ साली तिने टेक्सासची महिला हौशी स्पर्धा जिंकली. हा खेळ श्रीमंतांच्या क्लबांतला. तिथल्या एका प्रतिष्ठित बाईने म्हटले होते की आमच्या स्पर्धेत ट्रकवाल्यांच्या मुली नकोत. बेब ट्रकवाल्याची नव्हती, सुताराची होती, पण मुद्दा सगळ्यांना समजला होता. जिंकल्यावर काही दिवसांतच राष्ट्रीय संघटनेने निर्णय दिला: ही पूर्वी इतर खेळांतून पैसे मिळवत होती, म्हणून ही व्यावसायिक, म्हणून हौशी स्पर्धा हिला बंद. आणि बायकांसाठी व्यावसायिक स्पर्धा तर जवळजवळ नव्हत्याच.

'हौशी' हा शब्द ऐकायला किती गोड आहे! पण त्याचा अर्थ एवढाच की जिला कमवायची गरज नाही तिनेच खेळावे. आपल्या अंगणवाडीच्या ताई इथे आहेत, त्यांना हा खेळ चांगला कळेल. काम पूर्ण वेळ, जबाबदारी पूर्ण, पण कागदावर त्या 'मानसेवी', म्हणून पगार नाही, 'मानधन'. बाईच्या कामाला मोठे नाव दिले की पैसे कमी देता येतात.

१९३८ साली बेबने जॉर्ज झहारियस या नामांकित कुस्तीगिराशी लग्न केले. त्या सुमारास एका श्रीमंत मैत्रिणीने तिला चांगले कपडे घेऊन दिले, झगे घालायला लावले. वर्तमानपत्रांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खेळ तोच, ताकद तीच, पण आता तिच्या बाईपणाचे प्रमाणपत्र मिळाले होते. काही वर्षे तिने खेळाचे पैसे घेतले नाहीत, तेव्हा १९४३ साली तिला हौशी दर्जा परत मिळाला. नवरा कमावता होता म्हणून हे जमले. नवऱ्याने पोसले तर बाई हौशी. स्वतः कमावले तर हौशी नाही. तो दर्जा मिळाल्यावर तिने १९४६ साली अमेरिकेची आणि १९४७ साली ब्रिटनची महिला हौशी स्पर्धा जिंकली. ब्रिटनची स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन. आणि मग ती पुन्हा, या वेळी स्वतःच्या मर्जीने, व्यावसायिक झाली.

१९५० साली तिने आणि आणखी बारा जणींनी मिळून व्यावसायिक महिला गोल्फपटूंची संघटना उभी केली. त्यात मार्लीन बॉअर नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. याआधी असा एक प्रयत्न होऊन मोडला होता. या तेरा जणींच्या संघटनेचे काम कसे चालायचे ते वाचून मला आपल्या गटांची आठवण झाली. मैदान आखणे त्यांनीच करायचे, नियम त्यांनीच लिहायचे, हिशेब त्यांनीच ठेवायचे, वर्तमानपत्रांना पत्रे त्यांनीच लिहायची, एका गावाहून दुसऱ्या गावाला मोटारी हाकत त्यांनीच जायचे आणि पोचल्यावर खेळायचेही. पहिल्या वर्षी साऱ्या स्पर्धांच्या बक्षिसांची एकूण रक्कम सुमारे पन्नास हजार डॉलर होती. त्या तेरा जणींतली शेवटची, हीच मार्लीन बॉअर, २०२३ साली वारली. संघटना आजही उभी आहे.

बेबची आरती ओवाळायला मी आलेली नाही. ती बढाईखोर होती. लोक मला बघायला येतात, म्हणून मला वेगळे पैसे हवेत, असे ती उघड म्हणायची आणि बाकीच्या जणी चिडायच्या. संघटनेच्या त्या तेरा जणी सगळ्या गोऱ्या होत्या. टेनिसमध्ये जग जिंकलेली अल्थिया गिब्सन ही काळी खेळाडू १९६४ साली या दौऱ्यात आली, तेव्हा काही क्लबांनी तिला आपल्या इमारतीत पाऊल ठेवू दिले नाही. बायकांची संघटना म्हटली की सगळ्या बायका तिच्यात आपोआप येतात असे नाही. दलित मैत्रिणींनी हा प्रश्न आपल्याला अनेकदा विचारला आहे आणि त्याचे पुरे उत्तर आपण अजून दिलेले नाही.

आता १९५३ साल. एप्रिल महिन्यात, ज्या गावात ती वाढली त्या बोमाँट गावी, तिच्याच नावाने भरलेली स्पर्धा तिने जिंकली. बरेच दिवस थकवा होता, तो तिने अंगावर काढला होता. स्पर्धेनंतर ती डॉक्टरकडे गेली. निदान झाले, आतड्याचा कॅन्सर. तो काळ असा की लोक कॅन्सर हा शब्द मोठ्याने उच्चारत नसत, आणि आतड्याचा, शौचाच्या जागेचा तर नाहीच. बेबने तो लपवला नाही. वर्तमानपत्रांत छापून येऊ दिला. शस्त्रक्रिया झाली, पोटावर पिशवी आली. गोल्फच्या काठ्या तिने रुग्णालयाच्या खोलीतच ठेवून घेतल्या होत्या.

तिची शुश्रूषा केली बेटी डॉड या तरुण गोल्फपटूने. ती तिच्याजवळच झोपायची, पिशवीची जागा स्वच्छ करायला तीच शिकली. पुढेही ती झहारियस दांपत्याच्या घरी राहिली. बेबने १९५५ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्यात या नात्याला नाव दिलेले नाही. १९९५ साली चरित्र लिहिणाऱ्या सुझन केलेफ यांनी ते प्रेमाचे नाते होते असे मांडले आहे. त्या दोघींनी स्वतः जे नाव उच्चारले नाही ते मी त्यांच्यावर लादणार नाही. पण एवढे खरे की आजारपणात तिला आधार देणारे जे माणूस होते, त्याच्याविषयी तिला उघड बोलता आले नाही. बोलली असती तर तिची रोजी गेली असती.

शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना दिसले की कॅन्सर लसिकाग्रंथींपर्यंत पसरला आहे. म्हणजे तो परत येण्याची भीती मोठी. डॉक्टरांनी हे जॉर्जला सांगितले, बेटीला सांगितले. बेबला सांगितले नाही. तिला धक्का बसेल म्हणून. तिच्या भल्यासाठी.

मैत्रिणींनो, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. कारण मला आमच्या वॉर्डातल्या एक बाई आठवल्या. त्यांना आपण अक्का म्हणू. वय चाळिशीच्या आत, शेतमजुरी करणाऱ्या, दोन मुलांच्या आई. तपासणीचा कागद आला तेव्हा नवरा आणि दीर डॉक्टरांच्या खोलीत होते, अक्का बाहेर बाकावर. मी आत होते. दीर म्हणाले, "ताई, तिला काही सांगू नका. घाबरट आहे ती. गाठ आहे, काढतील, एवढंच सांगा." संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही झाली, अक्कांचा अंगठा कोणी मागितला नाही. मी बाहेर आले आणि अक्कांना सांगितले, "गाठ आहे, काढतील." ते वाक्य माझ्या तोंडून गेले, आणि ते दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर त्यांनी पोटाकडे पाहिले. दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ताई, बांधावरचं झाड तोडायचं तरी मालकाला इचारत्यात. माझं पोट कुणाला इचारून कापलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. समुपदेशनाचा पेपर मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले होते. त्या पेपरात रुग्णाच्या आत्मनिर्णयावर मी दोन पाने लिहिली होती.

बेबकडे परत येऊ. शस्त्रक्रियेनंतर साडेतीन महिन्यांनी ती पुन्हा स्पर्धेत उतरली. मैदानात एकदा रडलीही, पण खेळ सोडला नाही. १९५४ साली तिने अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा तिसऱ्यांदा जिंकली, बारा फटक्यांच्या फरकाने. शेवटच्या दिवशी छत्तीस खड्डे, म्हणजे दिवसभर चालणे, कमरेला पिशवी. कॅन्सर झालेल्या हजारो माणसांना तिच्याकडे बघून धीर आला. कॅन्सरविरोधी मोहिमेसाठी ती ठिकठिकाणी बोलली: लपवू नका, वेळेवर डॉक्टरकडे जा. १९५५ साली आजार उलटला. २७ सप्टेंबर १९५६ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी ती गेली.

जिने स्वतःचा आजार साऱ्या देशाला उघड सांगितला, तिला तिच्याच आजारातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य सांगितलेले नव्हते. काही जण म्हणतील, बरेच झाले; कळले असते तर ती खेळली नसती. कदाचित. कदाचित कळूनही ती खेळलीच असती. कदाचित ते दिवस तिने वेगळे घालवले असते. काय केले असते हे ठरवण्याचा हक्क तिचा होता, माझा मुद्दा एवढाच आहे. हौशी की व्यावसायिक हे संघटनेने ठरवले. बाई आहे की नाही हे वर्तमानपत्रांनी ठरवले. किती सत्य झेपेल हे डॉक्टरने आणि घरच्यांनी ठरवले. देशातल्या सर्वांत ताकदवान मानल्या गेलेल्या बाईची ही कथा, तर बाकावर बसलेल्या अक्कांचे काय?

अक्कांना मी बेबची गोष्ट सांगितली. मला वाटले, त्यांना हुरूप येईल. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "तिच्या घरात नळ असंल." मग विचारले, "आणि पिशव्या इकत कोण आणायचं?" मी गप्प झाले. आमच्या अक्कांच्या घरी पाणी हंड्याने येते. पिशवी फाटली तर नवी मिळेपर्यंत त्या फडके बांधतात. वास येतो म्हणून मजुरीच्या टोळीतून त्यांना वगळले. 'हिंमत ठेवा' हे वाक्य बोलायला सोपे आहे. हिंमतीला पाणी लागते, पिशव्या लागतात आणि बंद होणारे दार असलेला संडास लागतो.

त्यानंतर आमच्या वॉर्डात दोन गोष्टी सुरू झाल्या. महिन्यातून एकदा पिशवीच्या बाया एकत्र बसतात. जुनी बाई नवीला शिकवते: पिशवी कशी कापायची, कातडी कशी जपायची, काय खाल्ले की त्रास होतो. अक्का येतात. त्यांनी एका नव्या बाईला शस्त्रक्रियेच्या आधीच आपली पिशवी उघडून दाखवली. माझ्या दहा तासांच्या समुपदेशनाने जे झाले नसते ते त्या पाच मिनिटांत झाले. दुसरी गोष्ट माझ्यापुरती. नातेवाईक "तिला सांगू नका" म्हणाले की मी म्हणते, "आधी तिला विचारू, तिला किती ऐकायचंय." काही जणी म्हणतात, "मला नको, भावाला सांगा." तेही चालते, कारण ते त्यांनी ठरवलेले असते. भांडणे होतात. डॉक्टरांकडे वेळ नसतो हेही खरे आहे, एकेका ओपीडीत किती माणसे असतात ते मी रोज पाहते. पण वेळ कमी असला की नेमका बाईचाच वेळ कसा कापला जातो?

कायदा आपल्या बाजूने आहे हे गटागटांत सांगा. २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जीव वाचवण्याची तातडी नसेल तर सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती हवी. त्या खटल्यात रुग्ण बाई भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले होते. न्यायालयाने ती संमती मानली नाही. आईची चालत नाही, तर नवऱ्याची, दिराची आपोआप कशी चालेल? आणि संमती म्हणजे नुसता अंगठा नव्हे. काय करणार, का करणार, दुसरा उपाय आहे का, नाही केले तर काय होईल, हे तिला समजेल अशा भाषेत सांगितल्यावरचा अंगठा.

आपल्या महाराष्ट्रात ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशये काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला. तेव्हा आपण विचारले होते, या बायकांना कोणी काय सांगितले होते? तोच प्रश्न प्रत्येक वॉर्डात विचारायचा आहे.

म्हणून गावाकडे जाताना एक काम घेऊन जा. तुमच्या गटातली बाई तपासणीला निघाली की तिच्याबरोबर एक मैत्रीण पाठवा आणि डॉक्टरांच्या खोलीत बाई स्वतः बसेल एवढे पाहा. बाकावर नाही, आत, खुर्चीवर. तिचा कागद तिच्या हातात. आणि घरी परतल्यावर तिला विचारा, "तुला काय सांगितलं?" तिच्या नवऱ्याला नव्हे, तिला.

जेवणाच्या सुट्टीनंतर आपण गटचर्चेला बसू. चर्चेसाठी एकच प्रश्न देते. आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी कुठल्या तरी बाईच्या भल्यासाठी तिच्यापासून काहीतरी लपवले आहे. मी माझे सांगितले. आता तुमचे सांगा.